नकाराला जागा ठेवणारी सुवार्ता

योहानाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायाच्या शेवटावर प्रवचनं फारशी ऐकायला मिळत नाहीत. आदल्या दिवशी पाच हजारांनी भाकरी खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी येशूचं बोलणं लोकांना झेपेना आणि त्याच्यामागे चालणाऱ्यांपैकी पुष्कळ जण परत फिरले. येशूने त्यांना अडवलं नाही. बोलणं मवाळ केलं नाही, पुन्हा भाकरी देऊ केली नाही. उरलेल्या बारा जणांकडे वळून त्याने विचारलं, तुम्हालाही जायचंय का? ज्यांच्या हाती पुढचं सगळं काम सोपवायचं होतं, त्यांनाही त्याने जायची मोकळीक दिली.

मार्कच्या दहाव्या अध्यायातला धनवान माणूस आठवा. येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला त्याच्यावर प्रीती वाटली, असं मार्क मुद्दाम नोंदवतो. तरी तो माणूस खिन्न होऊन निघून गेला, आणि प्रीती करणाऱ्याने त्याला जाऊ दिलं. अट सैल केली नाही, मागे धावून हातही धरला नाही.

ख्रिस्ती माणसाने आजच्या जगात आपला विश्वास इतरांना कसा सांगावा, या प्रश्नाची सुरुवात मला इथे दिसते. ऐकणाऱ्याला मोकळेपणाने ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि त्याने ‘नाही’ म्हटल्यावरही आपल्या वागण्यातला आदर, मैत्री, मदत तसूभरही कमी होता कामा नये. एवढी खात्री जिथे देता येते, तिथेच सुवार्ता सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. नकाराची वाट बंद करून मिळवलेला होकार कितीही उत्साहाचा दिसला तरी त्याला मी विश्वास म्हणणार नाही.

आज ख्रिस्ती माणसाच्या कानावर दोन सल्ले पडतात. एक बाहेरून येतो: श्रद्धा ही खासगी बाब आहे, ती तुमच्यापुरती ठेवा. दुसरा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आतूनच येतो: काळ थोडा उरला आहे, जमेल त्या मार्गाने माणसं आणा. हे दोन्ही सल्ले वरवर एकमेकांच्या विरुद्ध असले तरी समोरच्या माणसावर भरवसा ठेवायची तयारी दोघांचीही नाही.

पहिला सल्ला घ्या. ज्या गोष्टीने माझं जगणं सावरलं, मृत्यूकडे पाहायची माझी नजर बदलली, ती गोष्ट मी जिवाभावाच्या मैत्रिणीपासून आयुष्यभर लपवून ठेवायची, यात आदर कुठे आला? तिला ते पेलणार नाही, ती दुखावेल, तिला स्वतःला पारखून घेता येणार नाही, हे मी तिच्या वतीने परस्पर ठरवून टाकते. राजकारणावर, मुलांच्या शिक्षणावर, औषधोपचारांवर माणसं एकमेकांना दिवसभर पटवत असतात आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. आपण कशासाठी जगतो आणि मेल्यावर काय, एवढ्याच प्रश्नावर तोंडाला कुलूप लावायचं, हे मला मान्य नाही.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या अठराव्या कलमात विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य आहे, आणि धर्म बदलण्याचं स्वातंत्र्यही स्पष्ट शब्दांत आहे. हे शब्द राहिलेच पाहिजेत असा आग्रह धरणाऱ्यांत लेबनॉनचे चार्ल्स मलिक पुढे होते. आक्षेप घेणाऱ्यांत सौदी अरेबिया होता आणि अंतिम मतदानात तो देश तटस्थ राहिला. ख्रिस्ती वक्ते या कलमाचा आधार पुष्कळदा घेतात, पण बहुतेक वेळा एकाच बाजूने. मला सांगण्याचं जितकं स्वातंत्र्य, तितकंच दुसऱ्याला न ऐकण्याचं, ऐकून नाकारण्याचं आणि त्याचा विश्वास मला सांगण्याचंही आहे. शिवाय माझ्या घरातल्या माणसाला माझा धर्म सोडण्याचं आहे. या शेवटच्या मुद्द्याकडे मी पुढे वळणारच आहे.

त्याआधी इतिहासाचं देणं चुकतं केलं पाहिजे. सुवार्ता म्हटल्यावर पुष्कळ माणसं सावध होतात. त्यांचं ते सावध होणं निव्वळ पूर्वग्रहातून आलेलं नाही, त्यामागे घडलेल्या गोष्टी आहेत.

आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेन राजाने सॅक्सन लोकांना जिंकलं आणि त्यांच्यावर कायदा लादला: बाप्तिस्मा नाकारून लपून राहणाऱ्या सॅक्सनाला देहदंड. त्याच राजाच्या दरबारात अल्क्विन नावाचा विद्वान होता, मूळचा इंग्लंडमधल्या यॉर्कचा. ७९६ च्या सुमाराच्या त्याच्या पत्रांत तो हे सगळं चुकतंय असं बजावतो. विश्वास ही स्वेच्छेची गोष्ट आहे, माणसाला त्याच्याकडे आकर्षून घेता येतं, सक्तीने ढकलता येत नाही, असं त्याचं म्हणणं. पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देता येईल, पण आतून होकार नसेल तर त्याचा काय उपयोग? नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांकडून लगेच दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, वसूल करण्याच्या घाईनेच सॅक्सनांचा विश्वास मोडला, असंही त्याने लिहून ठेवलं आहे. राजाच्या पदरी राहून हे लिहायला धैर्य लागतं.

म्हणजे ‘त्या काळी सगळेच तसं समजत होते’ हा बचाव टिकत नाही. त्याच्याही जवळजवळ सहाशे वर्षं आधी, २१२ च्या आसपास, कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने रोमन सुभेदार स्कॅप्युला याला लिहिलं होतं की आपापल्या मनाला पटेल त्याची उपासना करणं हा माणसाचा हक्क आहे आणि धर्माची सक्ती करणं हे धर्माचं काम नाही. तेव्हा ख्रिस्ती माणसं मार खाणाऱ्यांत होती. पुढे सत्ता हाती आल्यावर मंडळीला तेच वाक्य जड झालं.

आणि हे सगळं फार जुनं आहे असंही नाही. कॅनडात सरकारच्या पैशाने आणि मुख्यतः ख्रिस्ती संस्थांच्या हातांनी चाललेल्या निवासी शाळांत सुमारे दीड लाख आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून ठेवली गेली. त्यांची भाषा, नावं, प्रार्थना काढून घेण्यात आल्या. त्यातल्या शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये अंतिम अहवाल दिला आणि जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मास्क्वासिस इथे जाऊन त्या शाळांतून जिवंत राहिलेल्या माणसांसमोर क्षमा मागितली. त्या शाळांतही येशूची गोष्ट सांगितली जात होती. ज्या मुलाला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती, त्याच्या कानात ती गोष्ट कशी शिरली असेल, याचा विचार सुवार्तेचं काम करणाऱ्या प्रत्येकाने करायला हवा. फ्रान्समधल्या स्वतंत्र आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात १९५० पासून कॅथलिक धर्मगुरू व संन्यस्तांकडून लैंगिक अत्याचार झालेल्या अल्पवयीनांची संख्या २,१६,००० च्या घरात असावी असा अंदाज आहे. असे अहवाल वाचलेल्या माणसाने माझ्या तोंडून ‘प्रीती’ हा शब्द ऐकला आणि तो गप्प राहिला, तर त्याची मी तक्रार करू शकत नाही. त्याचा विश्वास मिळवायला वेळ लागेल, कदाचित मिळणारही नाही.

असा इतिहास असताना तोंड उघडायचं तरी कसं? यावर मंडळीच्या परंपरेतच एक उत्तर आहे, आणि ते युद्धाच्या छावणीत तयार झालं.

१२१९ मध्ये पाचवं क्रूसयुद्ध चालू होतं आणि इजिप्तमधल्या दमिएत्ता शहराला ख्रिस्ती सैन्याचा वेढा होता. असिसीचा फ्रान्सिस, निर्धन राहणाऱ्या बंधूंचा संघ उभारणारा इटलीतला साधू, तिथे पोहोचला आणि एका सोबत्याला घेऊन, हाती शस्त्र न धरता, रेषा ओलांडून सुलतान अल-कामिलच्या तळावर गेला. तिथे नेमकं काय बोलणं झालं याच्या पुढे अनेक दंतकथा झाल्या. त्या बाजूला ठेवू. एवढं नक्की, की सुलतानाने त्याचं ऐकून घेतलं आणि त्याला सुखरूप परत पाठवलं. सुलतान ख्रिस्ती झाला नाही. मोहीम म्हणून पाहिलं तर ती फसली. पण दोनच वर्षांनी, १२२१ च्या आपल्या बंधूंसाठीच्या नियमावलीत, मुसलमानांमध्ये जाऊन राहणाऱ्या बंधूंनी कसं वागावं यावर फ्रान्सिसने सोळावा अध्याय घातला. त्यात दोन रीती सांगितल्या आहेत. पहिली: वाद घालू नये, भांडू नये, देवासाठी प्रत्येक माणसाच्या अधीन राहावं आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करावं. दुसरी: देवाची तशी इच्छा आहे असं दिसलं, तर वचन उघडपणे सांगावं.

यातलं ‘अधीन राहावं’ हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. क्रूसाचं चिन्ह छातीवर लावून जिंकायला निघालेल्या फौजेच्या शेजारी उभं राहून हा माणूस आपल्या बंधूंना सांगतो, की जिथे जाल तिथे खालच्या जागी बसा. त्याचं नाव घेऊन एक वाक्य सगळीकडे फिरतं, की सुवार्ता सतत सांगा आणि गरज पडली तरच शब्द वापरा. त्याने असं म्हटल्याची नोंद त्याच्या लेखनात किंवा त्याच्या काळच्या चरित्रांत कुठेही नाही. नियमावलीतला क्रम अधिक खरा आणि अधिक अवघड आहे. शब्द लागतातच. पण त्यांच्याआधी त्या माणसांमध्ये निःशस्त्र राहायला शिकावं लागतं.

लूकच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना पाठवतो तेव्हाही हेच आहे. पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरात जाल तिथे शांती म्हणा आणि पुढे ठेवतील ते खा. ज्याच्याजवळ काहीच नाही असा हा पाहुणा आहे. त्याचं पोट यजमानाच्या मर्जीवर आहे आणि घरात कोणाला राहू द्यायचं हेही यजमानच ठरवणार. शोमरोनी स्त्रीशी बोलताना येशू पहिल्यांदा काय करतो? तिच्याकडे पाणी मागतो. तो तहानलेला आहे आणि पोहरा तिच्याजवळ आहे. पुढचं सगळं संभाषण त्या मागण्यातून उघडतं.

आपल्या प्रशिक्षण शिबिरांत मात्र आपण नेहमी देणारे असतो. उत्तरं आपल्याकडे, प्रश्न त्यांच्याकडे. मदत आपल्याकडे, गरज त्यांच्याकडे. १९१० मध्ये एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. हजाराहून अधिक प्रतिनिधी, त्यात आशियातले अगदी मोजके. त्यांच्यापैकी व्ही. एस. अझरायाह यांनी शेवटी जे सांगितलं ते आजही ऐकताना अंगावर येतं: तुम्ही गरिबांना आपली मालमत्ता दिलीत, देह झिजवलेत, आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या. मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यागी माणूससुद्धा वरच्या पायरीवरून खाली उतरायला तयार नसतो, हे त्यांचं दुःख होतं.

खाली उतरणं म्हणजे काय, हे शार्ल द फुको यांच्या आयुष्यात दिसतं. फ्रेंच सैन्यातला हा माजी अधिकारी १९०१ मध्ये धर्मगुरू झाला आणि १९०५ मध्ये सहारा वाळवंटात तामनरासेतला, तुआरेग लोकांमध्ये, जाऊन राहिला. वसाहतीच्या फ्रेंच अधिकाऱ्यांशी त्याचे जवळचे संबंध होते. ती बाजू झाकायचं कारण नाही. त्या संबंधांची सावली त्याच्या कामावर पडलीच. पण १९०८ च्या जानेवारीत एक गोष्ट घडली. दीर्घ दुष्काळ होता. आपल्याजवळचं धान्य वाटून तो रिकामा झाला होता, आणि आजारी पडला. हलताही येईना. तेव्हा शेजारच्या तुआरेगांनी, त्यांच्या स्वतःच्या मुलांची उपासमार चालू असताना, आसपास कुठे एखादी शेळी थोडंफार दूध देते का ते शोधून काढलं आणि ते दूध त्याला पाजलं. तो जगला. तोवर तो त्यांचा उपकारकर्ता होता, आता ते त्याचे झाले. त्यानंतर तो अधिक खोल त्यांचा होत गेला. त्यांची गाणी आणि कविता त्याने टिपून घेतल्या, त्यांच्या भाषेचा मोठा शब्दकोश तयार केला. १ डिसेंबर १९१६ रोजी तो मारला गेला, तेव्हा त्याच्या हातून धर्मांतर झालेलं असं जवळजवळ कोणीच नव्हतं. मे २०२२ मध्ये मंडळीने त्याला संत घोषित केलं.

वर्षअखेरीच्या अहवालात मांडायला त्याच्याजवळ काय होतं? शून्य. तरीही त्याच्या नावाने पुढे कितीतरी बंधुसंघ आणि भगिनीसंघ उभे राहिले, शेजारी म्हणून राहणं हेच आपलं काम मानणारे.

सेवेचा प्रश्न इथेच येतो आणि तो नाजूक आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमन साम्राज्यात साथ पसरली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की ख्रिस्ती माणसांनी आजाऱ्यांची सेवा केली आणि त्यात कित्येक जण स्वतः दगावले. ३६२ मध्ये सम्राट ज्युलियन जुन्या देवांची उपासना पुन्हा उभी करू पाहत होता. गलातियातल्या आपल्या प्रमुख पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो वैतागून म्हणतो, हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) त्यांच्या गरिबांनाच काय, आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने दिलेली ही साक्ष आहे. तिच्यातला ‘आपल्याही’ सोडू नका. ते गरीब ख्रिस्ती झाले नव्हते, तरी त्यांना भाकरी मिळत होती. म्हणून तर सम्राट अस्वस्थ झाला.

भाकरीच्या मागे अट आली की ही साक्ष मरते. अट उघड असायची गरज नसते. वाटपाआधी प्रार्थनेला बसायला लावणं पुरेसं आहे, मदत घेणाऱ्याचा फोटो काढणं पुरेसं आहे, आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘विश्वास ठेवलात तर बरे व्हाल’ म्हणणं पुरेसं आहे. ज्याचं मूल उपाशी आहे, ज्याला उद्या शस्त्रक्रियेला सामोरं जायचं आहे, त्याला नकार परवडत नाही. आणि आजच्या फोटोंचा एक वेगळाच त्रास आहे. कोणाचा तरी बाप्तिस्मा किंवा पश्चात्तापाचे अश्रू जगभर पोहोचतात, आणि त्या माणसाला उद्या घरी, कामावर, नातेवाइकांत जे भोगावं लागतं ते फोटो टाकणाऱ्याला भोगावं लागत नाही. मुलांचे असे फोटो तर कुठल्याही कारणाने टाकू नयेत.

हे माझं एकटीचं सोवळं नाही. २८ जून २०११ रोजी जिनिव्हात जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनचा आंतरधर्मीय संवाद विभाग आणि जागतिक इव्हॅन्जेलिकल अलायन्स यांनी मिळून, बहुधर्मीय जगात ख्रिस्ती साक्ष कशी द्यावी यावर शिफारशी प्रसिद्ध केल्या. इतर कितीतरी बाबतींत न पटणारे हे तीन प्रवाह इथे एकत्र आले. गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेण्याला सुवार्तेच्या कामात थारा नाही, असं त्यांनी लिहून दिलं. धर्म बदलणं हा निर्णायक टप्पा आहे, त्याला विचारासाठी आणि तयारीसाठी पुरेसा वेळ आणि पूर्ण स्वातंत्र्य मिळालं पाहिजे, हेही लिहिलं. दुसऱ्यांच्या श्रद्धेबद्दल बोलताना त्यांच्यातलं जे खरं आणि चांगलं आहे ते ओळखावं, असंही त्यात आहे. हा मजकूर फार मोठा नाही. प्रत्येक मंडळीच्या कार्यकारिणीने तो एका बैठकीत वाचून काढावा आणि आपल्या चालू उपक्रमांना लावून पाहावा.

त्याच्याही आधी, जुलै १९७४ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे दीडशे देशांतले इव्हॅन्जेलिकल पुढारी जमले होते. जगाला सुवार्ता सांगायची यावर त्यांचं एकमत होतं, उत्साह मोठा होता. तरी तिथल्या करारनाम्यात त्यांनी एक कबुली घातली: प्रतिसाद मिळालाच पाहिजे या हव्यासापोटी आम्ही संदेशात तडजोड केली, दबाव आणून श्रोत्यांना हाताळलं, आकड्यांच्या नादी लागलो आणि आकडे वापरताना अप्रामाणिकही झालो. सुवार्तेचा उत्साह असलेल्या माणसांनीच हे लिहिलं, म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं.

पन्नास वर्षांनंतर ते आकडे प्रत्येकाच्या खिशात आले आहेत. किती जणांनी पाहिलं, किती जणांनी पुढे पाठवलं, हे क्षणाक्षणाला दिसतं. आणि ज्याला जास्त पाहिलं जातं ते बहुधा भांडण असतं. ख्रिस्ती वक्त्याने नास्तिकाला किंवा दुसऱ्या धर्माच्या माणसाला ‘निरुत्तर केलं’ असे व्हिडिओ भराभर पसरतात. ते पाहून कोण येशूकडे वळतं, मला माहीत नाही. आपल्या बाजूची माणसं खूश होतात एवढं खरं. समोरचा तरुण, कॅमेऱ्यासमोर अडखळणारा, त्याच्यासाठी ख्रिस्त मेला अशी आपली श्रद्धा आहे ना? मग त्याची फजिती हजारो लोकांना दाखवून आपण त्याला काय सांगितलं? पेत्राच्या पहिल्या पत्रात, तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, असं सांगून लगेच पुढे म्हटलं आहे, की ते सौम्यतेने द्या. पहिला भाग पाठ असलेली माणसं दुसऱ्या भागाशी येऊन थांबत नाहीत.

डिजिटल माध्यमं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. रात्री दोन वाजता एकटा जागा असलेला माणूस मंडळीच्या दारात येणार नाही, पण फोनवर प्रश्न टाइप करेल. त्याला उत्तर देणारं कोणीतरी असावं. फक्त ते ‘कोणीतरी’ माणूस असावं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका कॅथलिक संस्थेने धर्मगुरूच्या वेशातला कृत्रिम बुद्धिमत्तेचा संवादक सुरू केला आणि गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच त्याचं धर्मगुरूपण काढून घेतलं. माहिती द्यायला यंत्र चालेल: अमुक वचन कुठे आहे, अमुक परिषद कधी भरली. पण ‘तुम्ही स्वतः हे मानता का, आणि तुमच्या आयुष्यात त्याने काय झालं?’ या प्रश्नाला यंत्राजवळ उत्तर नाही. त्याने काही गमावलेलं नाही, कशावर काही पणाला लावलेलं नाही.

आणि लोक शेवटी हाच प्रश्न विचारतात. माझ्या एका सहकारी मैत्रिणीचे वडील गेले, त्यानंतर काही आठवड्यांनी काम करता करता तिने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, “तुम्ही लोक खरंच मानता का गं, की गेलेलं माणूस पुन्हा भेटतं?” मी म्हटलं, “मानते. येशू उठला असं मानते, म्हणून हेही मानते. काही रात्री ते मानणं फार जड जातं, तरी मानते.” ती म्हणाली, “मला नाही वाटत तसं. पण तू सांगितलंस ते बरं केलंस.” मग तिने वडिलांबद्दल बरंच सांगितलं आणि मी ऐकलं. तो विषय पुन्हा निघाला नाही, मीही काढला नाही. आमची मैत्री आहे तशी आहे. या बोलण्याला अपयश म्हणणारे लोक मला भेटले आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं मुळीच पटत नाही. तिला खरं उत्तर हवं होतं, ते तिला मिळालं, आणि ते घ्यायचं की नाही हे तिने ठरवलं.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. ख्रिस्ताशिवाय माणूस हरवलेला आहे असं तुम्ही खरंच मानत असाल, तर इतक्या शांतपणे नकार कसा स्वीकारता? ज्याचं घर पेटलंय त्याच्या परवानगीची वाट पाहता का? माझं उत्तर असं: आर्जव करायला मला कोणी मना केलेलं नाही. पौल करिंथकरांना लिहितो, समेट करा अशी आम्ही ख्रिस्ताच्या वतीने तुम्हाला विनवणी करतो. त्याच्या विनवणीत तळमळ पुरेपूर आहे. पण विनवणी तोच करतो ज्याच्या हातात जबरदस्तीचं साधन नसतं, किंवा असूनही ज्याने ते खाली ठेवलेलं असतं. आगीतून माणसाला ओढून काढता येतं, कारण तिथे त्याचं शरीर वाचवायचं असतं. प्रेम करायला कोणालाच ओढून नेता येत नाही, आणि देवावर प्रेम करणं हाच तर सगळ्याचा मुद्दा आहे. ते स्वतः देवाने केलेलं नाही, तर आपण कोण?

पौल अथेनैत, म्हणजे अथेन्समध्ये, कसा वागला तेही पाहा. शहर मूर्तींनी भरलेलं पाहून त्याचा जीव आत जळत होता, असं प्रेषितांची कृत्ये सांगतं. तरी अरीयपगात, म्हणजे तिथल्या सभेत, उभा राहून तो त्यांच्या धार्मिकतेची दखल घेतो, त्यांच्या वेदीवरच्या लेखापासून बोलायला सुरुवात करतो, त्यांच्याच कवींची ओळ उद्धृत करतो, आणि मग पुनरुत्थानाचा मुद्दा आडपडदा न ठेवता मांडतो. काहींनी थट्टा केली. काही म्हणाले, पुन्हा कधीतरी ऐकू. दियोनुस्य, दामारी आणि आणखी काही जणांनी विश्वास ठेवला. आणि पौल तिथून निघून गेला. थट्टा करणाऱ्यांना शाप नाही, ‘पुन्हा कधीतरी’ म्हणणाऱ्यांच्या मागे तगादा नाही.

माझ्या मते कुठलीही पद्धत योग्य की अयोग्य हे ठरवायला एक कसोटी पुरते. दुसऱ्या धर्माच्या प्रचारकाने हीच पद्धत माझ्या मुलीवर वापरली तर मला चालेल का? तिच्या आजारपणात तिच्या खोलीत येऊन बसला तर? शिष्यवृत्ती देऊन मग सभेला बोलावलं तर? वसतिगृहात एकटी असताना रोज संदेश पाठवत राहिला तर? माझ्या श्रद्धेचं विद्रूप चित्र तिच्यापुढे उभं केलं तर? जे मला खपणार नाही ते मी दुसऱ्याच्या मुलीच्या बाबतीत करू नये. पण ती मोठी आहे, शांतपणे ऐकतेय, प्रश्न विचारतेय, आणि तो प्रामाणिकपणे त्याची श्रद्धा मांडतोय, तर? मला त्रास होईल. मी प्रार्थना करेन. पण अडवण्याचा हक्क मला नाही. तेवढंच स्वातंत्र्य मी माझ्यासाठी मागते आहे.

शेवटची आणि सगळ्यात कठीण गोष्ट आपल्याच माणसांची. जी मंडळी लोकांना आत यायला बोलावते, तिच्यातून बाहेर जाणाऱ्यांचं काय होतं? विश्वास गळून पडलेला मुलगा, दुसऱ्या धर्मात गेलेली बहीण, अत्याचारानंतर उपासनेला येणं बंद केलेलं कुटुंब. त्यांच्याशी बोलणं तुटतं, घरच्या कार्यक्रमांत त्यांचं नाव निघत नाही, प्रार्थनासभेत त्यांच्यासाठी जी प्रार्थना होते तिच्यात निंदा मिसळलेली असते. बाहेरचा माणूस हे सगळं पाहत असतो. आत येण्याचं आमंत्रण कितीही गोड असलं तरी, सोडून जाणाऱ्याचं आम्ही काय करतो यावरूनच त्याला त्या आमंत्रणाची किंमत कळते.

म्हणून सुवार्ताप्रसाराची पुढची योजना आखायला जे बसतील त्यांना माझं सांगणं आहे, की नव्यांची यादी काढण्याआधी गेल्या दहा वर्षांत सोडून गेलेल्यांची यादी काढा. त्यांना भेटायला जा. परत या म्हणायला जाऊ नका. ते का गेले ते विचारा, आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. कोणी भेटायला नकार दिला तर तोही माना. ज्यांचं आपण नुकसान केलं त्यांच्यासमोर ते कबूल करा, आणि कायद्याने पुढे काही करणं भाग असेल तर ते करा. हे काम करताना येणारा प्रत्येक दिवस प्रसाराच्याच खात्यात धरा.